पाय घसरला, त्यानंतरचा अर्धा सेकंद

घरातलं म्हातारं माणूस पडलं की विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळतं : मोरीत पाय घसरला. ऐकणारा मान हलवतो, हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सना चार शब्द सुनावतो, चहा होतो आणि विषय संपतो. आई ७४व्या वर्षी पडली तेव्हा आठवडाभर मीही फोनवर सगळ्यांना हेच सांगत होतो. मनगटाच्या प्लॅस्टरवर निभावलं. महिन्याभराने माझ्या पुतणीचा त्याच मोरीत, तसाच साबणाच्या पाण्यावर पाय सटकला. तिने एक हात हवेत फेकला, दुसरा पाय कुठेतरी पुढे टेकवला, ‘आई गं!’ म्हणाली आणि केस पुसत बाहेर आली. घसरल्या दोघीही. पडली एकच.

म्हणजे फरशीचा गुन्हा अर्धाच. घसरणं, ठेच लागणं, अडखळणं हे सगळ्यांचंच रोज चालू असतं. आपल्या लक्षातही येत नाही, कारण शरीर परस्पर सावरून घेतं. वय वाढतं तसं बिघडतं ते हे सावरणं. पासष्टी ओलांडलेल्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. त्यामुळे ‘पाय का घसरला’ याच्याइतकाच ‘सावरता का आलं नाही’ हा प्रश्न विचारायला हवा. मला तर तोच मोठा वाटतो.

लहानपणी तळहातावर केरसुणीचा दांडा उभा धरायचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. दांडा स्थिर दिसतो, पण हात क्षणभरही स्थिर नसतो. दांडा जिकडे कलतो तिकडे हात धावतो. उभं राहणं हे तेच आहे. शरीराचा भारमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो आणि त्या सगळ्या उंच डोलाऱ्याला आधार काय, तर दोन पावलं आणि त्यांच्यामधली वीतभर जागा. रांगेत मुकाट उभा असलेला माणूस बारकाईने पाहिला तर तो मागेपुढे सारखा झुलत असतो. घोट्याचे स्नायू त्याला दर क्षणी मध्यावर आणत असतात. तोल ही एकदा मिळवून खिशात ठेवायची वस्तू नाही. तो दर क्षणी नव्याने कमवावा लागतो.

तो कमवायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या लागतात.

पहिली बातमी पायांची. तळव्याची कातडी दाब मोजते. घोटा, गुडघा, पोटरी यांच्यातले सूक्ष्म तंतू स्नायू किती ताणला गेला, सांधा किती वाकला हे मज्जारज्जूमार्फत वर कळवत राहतात. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे हे आपल्याला कळतं ते यामुळे. १९व्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोमबर्ग यांनी एक साधी परीक्षा सांगितली : पावलं जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. मज्जारज्जूतली ही वाट खराब झालेले रोगी डोळे उघडे असेपर्यंत ठीक उभे राहत, मिटले की कोसळत. तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जाते, ही अशा रोग्यांची ठरलेली तक्रार. आता आपली मोरी आठवा. तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले, पायाखाली पाणी. एक बातमीदार आपणच गप्प केला. आता सगळी भिस्त तळव्यांवर. आणि तळवे बधिर असतील तर?

रोमबर्गच्या काळी त्या बधिरतेमागे उपदंश असे. आपल्या घरांत बहुतेकदा मधुमेह असतो, किंवा बी-१२ची कमतरता. हे जीवनसत्त्व मिळतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. पूर्ण शाकाहारी माणसात, त्यातून दूध-दही कमी खाणाऱ्यात ते घटतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनमुळेही ते कमी होऊ शकतं. ‘कापसावर चालल्यासारखं वाटतं’, ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही’ असं घरातलं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. मधुमेहाच्या दवाखान्यात नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून जाणीव तपासतात. दोन मिनिटांचं काम, काही दुखत नाही.

दुसरी बातमी कानाची. ऐकण्याचा कान आणि तोलाचा कान एकमेकांना चिकटलेले आहेत. आतल्या कानात एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या. पाण्याने भरलेला लोटा झटकन गोल फिरवला तर लोटा फिरतो, पाणी जरा मागे राहतं. डोकं वळलं की या नळ्यांत तेच होतं आणि त्या मागे राहिलेल्या द्रवाने केसासारखे तंतू वाकतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, अतिसूक्ष्म खडे असतात. खाली कोणती बाजू हे ते सांगतात.

या कानाचं गुपित उलगडलं ते एका कुरकुरीमुळे. व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी रोग्यांचे कान पिचकारीने धूत असत. पाणी गार असलं की रोग्यांना गरगरायचं. पाणी जास्त गरम केलं, तरी गरगरायचं. पण आता डोळे उलट्या दिशेला फडफडायचे. गार-गरम पाण्याने नळीतला द्रव वर-खाली सरकतो हे त्यांनी ओळखलं. १९१४चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियनांच्या कैदेत युद्धबंदी होते.

वय वाढलं की ते चुनखडीचे खडे जागचे सुटून नळीत शिरू शकतात. मग पलंगावर कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली फिरते, आणि बहुधा मिनिटभरात थांबते. यावर अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी बसवलेली एक युक्ती आहे : रोग्याला आडवं करून डोकं ठरावीक क्रमाने वळवत नेतात आणि खडे नळीतून परत पिशवीत घरंगळतात. पुष्कळांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. आपल्याकडे मात्र चक्कर म्हटली की दोष मानेच्या मणक्याला. पट्टा गळ्यात, चकरेच्या गोळ्या सहा-सहा महिने चालू. त्यातल्या काही गोळ्या स्वतःच सुस्ती आणतात, म्हणजे तोल आणखी कच्चा.

इथे एक विनंती. डॉक्टरांपुढे नुसतं ‘चक्कर येते’ म्हणू नका. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. भोवतालचं फिरतं, गरगरतं, तर संशय कानावर जातो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर रक्तदाबावर. डोकं अगदी ठीक आहे पण चालताना झोकांडी जाते, तर पायांवर आणि मज्जातंतूंवर. जो शब्द सांगाल तिकडे तपास वळेल.

तिसरी बातमी डोळ्यांची. ती सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचे दिवस गेले. आणि दुहेरी भिंगाचा चष्मा जिन्यावर फसवतो. खालचं भिंग वाचनाच्या अंतरासाठी असतं, पायरीची कड त्याच्या कितीतरी पलीकडे. उतरताना नजर खाली गेली की कड धुरकट. बाहेर फिरायला फक्त लांबचा, एकाच भिंगाचा चष्मा वेगळा ठेवता आला तर उत्तम.

या तिन्ही बातम्या मेंदूत जुळतात. त्यात लहान मेंदूचा वाटा मोठा, पण लक्षाचाही आहे, आणि लक्षाची शिल्लक वयानुसार आटते. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी आधारगृहातल्या वृद्धांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. जे उत्तर देण्यासाठी थांबले, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. त्यांच्या मेंदूला चालणं आणि बोलणं एकदम झेपत नव्हतं. जिना उतरणाऱ्या आईला मागून ‘अगं, गॅस बंद केलास ना?’ असं विचारण्याची माझी सवय मी हे वाचल्यावर सोडली.

आता तो अर्धा सेकंद. तोल थोडा ढळला तर घोटा सावरतो. जास्त ढळला तर कंबर एकदम वाकते, हात फेकले जातात; डोंबाऱ्याच्या दोरीवरच्या मुलीच्या हातातला बांबू जे काम करतो ते तेव्हा आपले हात करतात. त्यानेही भागलं नाही तर एकच उपाय उरतो : पाऊल टाकणं. भारमध्य जिकडे पळाला तिकडे, त्याच्याही पुढे, एक लांब आणि झटपट पाऊल. माझ्या पुतणीने टाकलं ते हेच.

हे पाऊल ताकदीपेक्षा वेगाचं आहे. स्नायूंत संथ आणि चपळ असे दोन प्रकारचे तंतू असतात. वयाबरोबर जास्त झिजतात ते चपळ. म्हणून सत्तरीतला माणूस भाजीची पिशवी घेऊन मैलभर चालतो, पण घसरल्यावर त्याचा पाय वेळेवर पुढे पडत नाही. पडला तरी पाऊल आखूड, मग दुसरं, मग तिसरं, आणि तोवर जमीन आलेली असते. बाजूला तोल गेला तर आणखी अवघड, कारण एका पायाला दुसरा ओलांडून जावं लागतं. असं कुशीवर पडणंच खुब्याचं हाड मोडतं. आईचं मनगट मोडलं तेव्हा मला ते दुर्दैव वाटलं होतं. आज वाटतं, निदान तिचा हात वेळेवर जमिनीशी पोचला होता. फार उशिराच्या वयात हातही पोचत नाही, आणि मार थेट खुब्याला किंवा डोक्याला बसतो. त्यात रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ झालेली हाडं. पडण्याइतकीच हाडांचीही तपासणी करायची ती म्हणूनच.

रात्रीचं पडणं ही निराळी गोष्ट. आडवे असताना अंगभर सारखं पसरलेलं रक्त उभं राहताच पायांकडे आणि पोटाकडे ओसरतं. अर्धा लिटर, कधी पाऊण लिटर. तरुण शरीर काही सेकंदांत शिरा आवळतं, हृदयाचा वेग वाढवतं. म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस घाईघाईने लघवीला निघालेला असतो, दिवा न लावता, ‘कुणाची झोप मोडायला नको’ म्हणून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर तो दोष मानतात. पण दवाखान्यात रक्तदाब बसूनच मोजला जातो. ‘उभं राहून एकदा मोजा’ असं म्हणायला संकोच कसला? सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्यावी : झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या. यातल्या कुठल्याही तोल बिघडवू शकतात. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर वेळ किंवा मात्रा बदलू शकतात. घरी करायचं एवढंच : उठून पलंगाच्या कडेला बसायचं, घोटे दहा-बारा वेळा वर-खाली करायचे, मग उभं राहायचं, आणि चार श्वास जागेवरच. कढत पाण्याच्या अंघोळीनेही रक्तदाब उतरतो. रक्तातली साखर एकदम उतरली तरी तेच, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून केलेल्या कडक एकादशीबद्दल मी आईशी बरंच भांडलो आहे. निकाल : शेंगदाण्याचा लाडू आणि ताक.

पडल्यानंतर आम्ही केलेली खरी चूक मोरीतली नव्हती, दिवाणखान्यातली होती. ‘तू बसून राहा, आम्ही करतो.’ पाणी हातात, ताट हातात. दोन महिन्यांत खुर्चीच्या हातांना धरल्याशिवाय तिला उठता येईना. भीतीने माणूस कमी हलतो, कमी हलल्याने पाय कच्चे होतात, कच्च्या पायांमुळे भीती खरी ठरते. एरवीही आपल्या घरांतून जमीन कधीच नाहीशी झाली आहे. पाटावर जेवण, खाली बसून भाजी निवडणं, कपडे धुणं, यात जुन्या बायकांच्या दिवसात वीस-पंचवीस उठाबशा सहज होत. गुडघे गेलेल्यांना कमोड आणि डायनिंग टेबल हवंच, त्याबद्दल हळहळ नको. पण त्या उठाबशांची भरपाई कुठून तरी करायला हवी.

ती करता येते, हा या सगळ्यातला सगळ्यात आनंदाचा भाग. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम बसवला गेला : घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पायांची ताकद, मग तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय चालणं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. २०१९ साली जगभरातल्या अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडणं २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. लक्षात घ्यायचं ते हे की नुसती सकाळची बागेतली चक्कर पुरत नाही. तोल सुधारायचा तर तो थोडा ढळवावा लागतो, जवळ आधार ठेवून.

आधार म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा. कंबरेइतका उंच, जागचा न हलणारा. त्याला बोटं टेकवून चवड्यांवर उभं राहणं, मग टाचांवर. ओट्याच्या कडेने आडवं चालत जाणं आणि परत येणं, कारण बाजूचं पाऊलच आधी हरवतं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहणं. असं १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. एका पायावर उभं राहणं. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणं, आणि उठताना झटकन, बसताना सावकाश, म्हणजे चपळ तंतूंनाही काम मिळतं. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग दोन बोटं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आईचं हे उरकतं. लंगडी, फुगडी, दिंडीतली पावली हे सगळं तोलाचंच शिक्षण आहे. पावली सत्तरीतही घालता येते, लंगडीचा मोह मात्र आवरावा. आधीच पडलेल्यांनी, किंवा गुडघा-खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखत करावी.

घरच्या घरी मोजायचं असेल तर खुर्चीपासून ३ मीटरवर खडूची रेघ मारा. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. शर्यत नव्हे, हे आजोबांना आधी बजावावं लागतं.

घराबद्दल बहुतेकांना माहीत असतं, करायचं राहतं. मोरीत आणि कमोडशेजारी भिंतीत पक्की ठोकलेली दांडी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. कड दुमडलेली पायपुसणी आणि जुन्या साडीची पायघडी आजच उचलावी. रात्रभर जळणारा छोटा दिवा. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं बंद. घोट्याखाली लोळणारे गाऊन दोन बोटं वर शिवून घ्यावेत. टाच मोकळी ठेवणाऱ्या सपातांपेक्षा मागे पट्टा असलेली चप्पल बरी. कोकणात असाल तर पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ दर आठवड्याला खरवडावं लागतं, दुसरा इलाज नाही.

काठीबद्दल मात्र गैरसमज फार. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात धरलेली माणसं रोज दिसतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे. हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी उंची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आणि खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की ती काठी आधाराची राहत नाही.

इतकं करूनही माणूस पडू शकतो, म्हणून उठण्याचाही सराव हवा. पडलेल्याला दोन्ही काखांत हात घालून लगेच ओढून उभं करणं ही आपली पहिली ऊर्मी, ती आवरा. पाय बाहेर वळलेला, आखूड दिसत असेल, खुब्यात असह्य दुखत असेल, तर जागेवरून हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. काहीच मोडलेलं नसेल तर घाई नको. कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत जवळच्या खुर्चीपाशी जायचं, हात बैठकीवर ठेवून भक्कम पाय पुढे रोवायचा आणि उठून वळून बसायचं. एकट्या राहणाऱ्यांनी मोरीला आतून कडी लावू नये, किल्ली शेजारी द्यावी, आणि फोन टेबलावर नाही, अंगावर ठेवावा. तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं हे पडण्याहून वाईट ठरतं.

आईचा हा सराव रविवारी दुपारी असतो. सतरंजी, खुर्ची आणि मी, हात मागे बांधून. पहिल्या वेळी तिला चार मिनिटं लागली आणि तिने मला जवळ येऊ दिलं नाही. परवा रांगता रांगता मध्येच थांबली, पलंगाखाली हात घालून दोन वर्षांपूर्वी हरवलेला अडकित्ता बाहेर काढला, आणि तो तसाच मुठीत धरून उठून उभी राहिली.